पास वसूल झाला का हो?

मुंबईच्या लोकलने जन्मभर नोकरी केलेल्या माणसाला ‘पास’ हा शब्द नुसता कानांवर पडला तरी धीर येतो. मी त्यांतलाच. डोंबिवली ते बोरीबंदर या मार्गावर चौतीस वर्षे मी पासावर काढली. महिन्याचा पास काढावा, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवावा आणि पुढचे तीस दिवस तिकिटाच्या खिडकीकडे ढुंकूनही पाहू नये. रोज जाऊन-येऊन दोन खेपा धरल्या तर हा पास पंधरवड्याच्या आत वसूल होतो आणि उरलेला महिना रेल्वे आपल्याला फुकट नेते, अशी आम्हां पासवाल्यांची श्रद्धा असते. तिकीट काढणारा तो पाहुणा आणि पास दाखवणारा तो घरचा, असा हा मामला!

तेव्हा परदेशच्या प्रवासाची गोष्ट निघाली आणि ‘तिकडे पाहुण्यांसाठी रेल्वेचा खास पास मिळतो’ असे कोणी म्हटले, की आमच्यासारख्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. परंतु लोकलचा पास आणि सुटीचा पास यांच्यात नावापलीकडे फारसे साम्य नाही. लोकलच्या खेपा नोकरीने आधीच ठरवून ठेवलेल्या असतात. पास काढला म्हणून कोणी हौसेने एक खेप जास्त करीत नाही. सुटीचा पास खिशात आला, की कालपर्यंत मनात नसलेल्या खेपा सुचू लागतात. ‘पास आहेच, तर हेही गाव करून टाकू!’ मग ते गाव ‘करून टाकले’ जाते, पाहिले जात नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही उभयता जपानला जाऊन आलो. त्याआधी महिनाभर आमच्या घरात पास की सुटी तिकिटे हा एकच विषय होता. जेवताना तोच, झोपताना तोच. त्या वादाचा हा जमाखर्च आहे.

आधी घरची परिस्थिती सांगितली पाहिजे, कारण सारा हिशेब तिच्यावरच फिरला. आमची मुलगी नोकरीनिमित्त तोक्योत असते. शहराच्या पूर्व अंगाला एदोगावा नावाचा विभाग आहे. त्यात निशी-कासाई येथे संगणकाच्या कामावर गेलेल्या भारतीयांची मोठी वस्ती झाली आहे. तिथे ती, जावईबापू आणि आठ वर्षांची नात असे तिघांचे बिऱ्हाड. तीन वर्षांत प्रत्यक्ष भेट नव्हती. मुलीला रजा मिळाली ती मोजून चार दिवसांची, तीही शनिवार-रविवार धरून. जावईबापूंना तेवढीही नाही. त्या चार दिवसांत तिने आम्हांला क्योतो दाखवावे, मग नातीला घेऊन माघारी जावे आणि आम्ही दोघांनी पुढे हिरोशिमा पाहून यावे, असा बेत होता. हिरोशिमा हा सौ.चा हट्ट. शाळेत शिकवीत असताना दर ६ ऑगस्टला ती मुलांना त्या शहराची हकीकत सांगत असे. “तीस वर्षे ज्या गावाचे नाव मी फळ्यावर लिहिले, ते एकदा डोळ्यांनी पाहू द्या,” एवढेच तिचे म्हणणे. अडचण होती ती तिच्या गुडघ्यांची. ती चालते, हिंडते; पण एक दिवस हिंडली की दुसरा दिवस पाय वर घेऊन बसावे लागते.

आता पासाची बाजू. आमचे एक स्नेही २०१८ साली जपान पाहून आले होते. त्यांनी फोनवर फर्मावले, “पास घ्या. डोळे मिटून घ्या.” त्यांचे तेव्हाचे बरोबरच होते. जपान रेल पास १९८१ साली निघाला. तेव्हा ही रेल्वे सरकारी होती. १९८७ साली तिचे तुकडे होऊन प्रवासी वाहतुकीच्या सहा कंपन्या झाल्या, तरी पास सहाही कंपन्यांच्या गाड्यांवर चालत राहिला. थोड्या दिवसांसाठी आलेल्या परदेशी पाहुण्यालाच तो मिळतो. सप्टेंबर २०२३ पर्यंत सात दिवसांच्या साध्या वर्गाच्या पासाला २९,६५० येन पडत. तोक्यो ते क्योतो हे नुसते जाण्या-येण्याचे भाडेच २७,७०० येनांच्या आसपास होते. म्हणजे क्योतोला जाऊन यावे, वाटेत आणखी एखादे गाव पाहावे, की पास वसूल! सगळ्या प्रवास-पुस्तकांनी, सगळ्या मावश्या-काकांनी तेव्हा एकमुखाने पासाची शिफारस केली यात नवल नाही.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच पासाची किंमत ५०,००० येन झाली. चौदा दिवसांचा ८०,००० आणि एकवीस दिवसांचा १,००,०००. एका रात्रीत दोन-तृतीयांशाहून अधिक वाढ! आम्ही गेलो तेव्हा शंभर येनांना सुमारे पंचावन्न रुपये पडत. म्हणजे सात दिवसांचा पास माणशी साडेसत्तावीस हजार रुपयांना. सल्ला मात्र जुन्या भावाचाच फिरत राहिला. गावातल्या सोन्याचा भाव विचारावा आणि सांगणाऱ्याने त्याच्या लग्नातला सांगावा, त्यातली गत.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. साधारण मोसमाचे त्या वेळचे दर असे होते. तोक्यो-क्योतो, सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाडीने, जागा राखून, १४,१७० येन. क्योतो-हिरोशिमा सुमारे ११,६००. हिरोशिमाहून थेट तोक्यो सुमारे १९,७००. बेरीज साडेपंचेचाळीस हजारांच्या घरात. म्हणजे सुटी तिकिटे काढूनही पासापेक्षा स्वस्त. फरक फार नाही, पण आहे.

इथे एक गोष्ट पासाच्या जाहिरातीत बारीक अक्षरांत असते ती सांगतो. जपानच्या त्या मुख्य मार्गावर तीन जातींच्या गाड्या धावतात. ‘कोदामा’ म्हणजे प्रतिध्वनी. ती प्रत्येक स्टेशनावर थांबते. ‘हिकारी’ म्हणजे प्रकाश. ती मोजक्या ठिकाणी थांबते. आणि ‘नोझोमी’ म्हणजे आशा. ती सर्वांत कमी. १९६४ च्या १ ऑक्टोबरला, ऑलिम्पिक सामने तोंडावर आलेले असताना, ही शिंकान्सेन सुरू झाली तेव्हा नुसत्या हिकारी आणि कोदामा होत्या; नोझोमी आली १९९२ साली. आम्ही गेलो तेव्हा नोझोमी सुटत त्या जवळजवळ आपल्या लोकलसारख्या, गर्दीच्या वेळी तासाला बारापर्यंत. हिकारी तासाला साधारण दोन. पासवाल्याला हिकारी आणि कोदामा मोकळ्या, नोझोमी मात्र नाही. ऑक्टोबर २०२३ पासून जादा पैसे भरून तीही मिळू लागली. पण तोक्यो-क्योतो एका खेपेचे ते जादा पैसे ४,९६० येन! पन्नास हजारांचा पास घेऊन वर पुन्हा आशेचे निराळे पैसे.

मुलीचा मुद्दा याहून निराळा होता. “बाबा, पास तुम्हां दोघांना मिळेल. मला आणि हिला नाही.” ती तिथे नोकरीच्या परवान्यावर राहते, तेव्हा ती पाहुणी नव्हे, नातही नव्हे. दोघे पासवाले आणि दोघी तिकिटवाल्या. यावर तोड होती. तिने हिकारीची तिकिटे काढली असती तर खिडकीवर चौघांच्या जागा एकत्र मिळाल्या असत्या. म्हणून हा मुद्दा मी पासाच्या विरुद्ध धरला नाही. हिशेब कसा चोख असावा!

खरी गंमत पुढे आहे. जपानी आगगाडीचे तिकीट दोन भागांचे असते. एक मूळ भाडे, अंतराप्रमाणे. दुसरे जलद गाडीचे आणि राखीव जागेचे शुल्क. मूळ भाडे असे आहे की अंतर वाढेल तसा मैलामागे दर उतरत जातो. तोक्यो-क्योतो ८,३६० आणि क्योतो-हिरोशिमा ६,६०० अशी दोन तिकिटे काढली तर १४,९६० होतात. तेच तोक्यो-हिरोशिमा एकच काढले तर ११,८८०. आणि त्या एका लांबच्या तिकिटावर वाटेत उतरता येते! हे अंतर सुमारे ८९४ किलोमीटरचे, म्हणून तिकिटाची मुदत सहा दिवस. जलद गाडीचे शुल्क तेवढे दर टप्प्याला निराळे भरायचे.

हे वाचून जुन्या वाचकांना काही आठवेल. आपल्या रेल्वेतही ‘ब्रेक जर्नी’ आहे. पाचशे किलोमीटरांपलीकडच्या तिकिटावर वाटेत एकदा आणि हजारापलीकडच्यावर दोनदा उतरता येते, दोन-दोन दिवस. निघालेल्या ठिकाणी परत येणाऱ्यांसाठी चक्राकार प्रवासाचे तिकीट आहे; त्यात आठपर्यंत मुक्काम करता येतात आणि भाडे लांबच्या अंतराच्या उतरत्या दराने लागते. माझे वडील काशी-प्रयाग-गयेची यात्रा अशाच तिकिटावर करून आले होते. पुढे आरक्षणाच्या नादात आपण हे विसरलो. जपानी खिडकीवर ते पुन्हा भेटले तेव्हा ओळखीचा माणूस भेटल्यासारखे झाले.

शिवाय त्या वेळी आणखी एक सवलत होती. एका बाजूचे अंतर ६०१ किलोमीटर किंवा अधिक असेल आणि जाण्या-येण्याचे तिकीट एकदम काढले, तर मूळ भाड्यात दोन्ही बाजूंना दहा टक्के सूट. आणि मुदत दुप्पट, म्हणजे आमच्या बाबतीत बारा दिवस. (मार्च २०२६ पासून ही परतीची सूट बंद करण्याचे तिथल्या रेल्वे कंपन्यांनी ठरवले. तेव्हा हा आकडा घेऊन आता कोणी खिडकीवर भांडू नये. लांबच्या तिकिटाचा उतरता दर आणि वाटेत उतरण्याची मुभा हा भाग निराळा.) नव्याने बेरीज केली. परतीचे मूळ भाडे २१,३८०. तोक्यो-क्योतो नोझोमीचे शुल्क ५,८१०, क्योतो-हिरोशिमाचे सुमारे ५,०००, हिरोशिमा-तोक्योचे सुमारे ७,९००. एकूण चाळीस हजार. क्योतोहून नाराला जाऊन येण्याचे १,४४०, हिरोशिमाहून मियाजिमा बेटाला आगगाडी आणि होडी मिळून १,२४०. सगळे धरून ४२,८०० च्या आसपास. पासापेक्षा माणशी सात हजार येन कमी, आणि नोझोमी आपली!

एवढ्यावर मी विजयी मुद्रेने पेन्सिल खाली ठेवली. पण आमचे स्नेही हार मानणारे नव्हते. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. “पैशांचे सोडा हो. पासात मोकळीक असते. वाटेल तेव्हा गाडीत बसा, वाटेल तेथे उतरा. तिकिटे काढून ठेवलीत आणि गाडी चुकली तर?” मुद्दा बिनतोड वाटतो. तपास केला तेव्हा कळले की राखीव जागेचे तिकीट गाडी सुटण्यापूर्वी एकदा फुकट बदलून मिळते. आणि गाडी चुकलीच, तर त्याच दिवशी पुढच्या गाडीच्या बिनराखीव डब्यात बसता येते. (सणासुदीच्या गर्दीत नोझोमीला बिनराखीव डबाच नसतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.) उलट पास हरवला तर दुसरा मिळत नाही. पन्नास हजार येनांचा कागद सात दिवस खिशात सांभाळायचा, हा मोकळेपणा की जोखीम, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आणि मोकळीक म्हणायची तर दिवसांची बघा. पासाचे सात दिवस सलग असतात. शुक्रवारी सकाळी सुरू केला की पुढच्या गुरुवारी रात्री संपला. मध्ये तुम्ही आजारी पडा, पाऊस कोसळो, गुडघा सुजो. पासाचा दिवस गेला तो गेला. मी आमचे दिवस मांडले. शुक्रवारी क्योतो, शनिवार-रविवार क्योतो आणि नारा, सोमवारी दुपारी मुलगी व नात परत. मंगळवार विश्रांती. बुधवारी थोडे हिंडणे. गुरुवारी हिरोशिमा, शुक्रवार तिथलाच, शनिवारी मियाजिमा, रविवारी तोक्यो. दहा दिवस. सात दिवसांचा पास आम्ही हिरोशिमात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच संपणार! चौदा दिवसांचा घ्यावा तर ८०,०००, म्हणजे सुट्या तिकिटांच्या जवळजवळ दुप्पट. सातातच बसवायचे म्हटले तर काय काढायचे? मंगळवार काढायचा. बुधवार काढायचा. मियाजिमा काढायचे. हिरोशिमाला पहाटे निघून रात्री तोक्योला परतायचे.

ते सात दिवसांचे वेळापत्रकही मी करून पाहिले होते, हे कबूल केले पाहिजे. पासवाल्या माणसाला ते सहज जमते. सौ.ने कागद हातात घेतला, चष्मा लावून शांतपणे वाचला आणि म्हणाली, “अहो, यात मी बसते कुठे?”

मी म्हटले, “गाडीत.”

“गाडीत नव्हे. पास घेतलात तर तुम्ही मला कुठे स्वस्थ बसू देणार नाही. मला माहीत आहे तुमचे. डोंबिवलीला सुटीच्या दिवशीसुद्धा तुम्ही म्हणायचात, पास आहे, चल मुंबईला जाऊन येऊ.”

ते खरे होते. रविवारच्या त्या फुकट खेपांनी आम्ही राणीची बाग किती वेळा पाहिली असेल, त्याची गणतीच नाही.

वाद तिथे मिटला. मुलीने आम्हांला ‘हिरव्या खिडकी’वर नेले. जपानी भाषेत तिला ‘मिदोरी-नो-मादोगुची’ म्हणतात. लांबच्या तिकिटांचे काम तिथे होते. हल्ली यंत्रावर आणि फोनवरही तिकिटे मिळतात. पण फोनवर काढलेल्या तिकिटाला वाटेत उतरण्याची ती जुनी मुभा लागू नाही, हे जाणाऱ्याने लक्षात ठेवावे. रांग लांब होती. आतल्या बाईंनी नकाशावर बोट ठेवून तीनदा खात्री करून घेतली, की क्योतोला सहा रात्री उतरायचे ना, मग पुढे ना. आमच्या हातात आलेल्या तिकिटांचा गठ्ठा पाहून नातीने विचारले, “आजोबा, पत्ते खेळायचे का?”

प्रवासाचे वर्णन करण्याचा हा लेख नव्हे. त्यासाठी इतर पाने आहेत. परंतु तिकिटांमुळे जे मिळाले तेवढे सांगतो. शिंकान्सेनच्या डब्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशा खुर्च्या असतात. पायाने कळ दाबली की खुर्च्यांची जोडी वळून मागच्या रांगेकडे तोंड करते. फुजी पर्वताच्या बाजूच्या चार जागा घेऊन आम्ही समोरासमोर बसलो, मध्ये दशम्यांचा डबा. सव्वादोन तासांत क्योतो. त्यात चाळीसएक मिनिटांनी फुजी दिसायचा होता. तो ढगांत राहिला आणि कोणालाही वाईट वाटले नाही, कारण तोपर्यंत नात आजीला कागदाचा बगळा घडवायला शिकवीत होती. आजीचा पहिला बगळा बदकासारखा झाला, दुसरा कावळ्यासारखा.

क्योतोत उतरल्यावर पासाचा आणखी एक भ्रम फिटला. ती प्रसिद्ध देवळे, ते सोन्याचा मुलामा दिलेले किंकाकुजी, यांतल्या बऱ्याच ठिकाणी जायला शहराची बस लागते. तिचे एका फेरीचे तेव्हा २३० येन. जपान रेल पास तिथे चालत नाही. निशी-कासाईचे मुलीचे घरही तोक्योच्या भुयारी रेल्वेच्या तोझाई मार्गावर. तिथेही हा पास चालत नाही. हजारो लाल कमानींच्या फुशिमी इनारीला मात्र त्या कंपनीची गाडी जाते. भाडे तेव्हा दीडशे येन! दीडशे येन वाचवायला पन्नास हजारांचा पास कोण घेईल? या सगळ्या किरकोळ खेपांसाठी मुलीने आमच्या हातात एकेक ‘सुइका’ कार्ड ठेवले होते. त्यात पैसे भरून ठेवायचे आणि फाटकावर टेकवायचे. सुइका म्हणजे जपानीत कलिंगडही, सौ. त्याला शेवटपर्यंत कलिंगडच म्हणत होती.

सोमवारी मुलगी आणि नात गेल्या. मंगळवारी सौ.चा गुडघा अपेक्षेप्रमाणे सुजला. त्या दिवशी आम्ही काहीही पाहिले नाही. सकाळी खोलीत, दुपारी कामो नदीच्या काठावर बाकावर. नातीने मागे ठेवलेली रंगीत कागदांची चवड होती, सौ. बगळे घडवीत बसली. मी नदी पाहत बसलो. बुधवारचा बेतही तिने रद्द केला आणि तसाच घालवला. त्या दोन दिवसांत रेल्वेला आम्ही एक येन दिला नाही आणि आमचाही एक येन बुडाला नाही. मूळ तिकीट पाकिटात स्वस्थ पडून होते, त्याला बारा दिवसांची मुदत होती. त्या बाकावर माझ्या खिशात चालू पास असता, तर मी दर अर्ध्या तासाने घड्याळ पाहिले असते. मला माझा स्वभाव ठाऊक आहे.

गुरुवारी हिरोशिमा. तिथे शहरात ट्राम आहेत, तेव्हा एका खेपेला २२० येन. पासाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. रेल्वेची एक गोल फिरणारी बस तिथे आहे आणि ती पासवाल्याला फुकट. मियाजिमाला जाणारी रेल्वेची होडीही पासात येते. बेटावर जाण्याचा शंभर येनांचा कर तेवढा पासवाल्यालाही सुटत नाही.

शांतता-उद्यानात मुलांचे एक स्मारक आहे. ससाकी सादाको ही मुलगी बाँब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. पुढे रक्ताच्या कर्करोगाने १९५५ साली, बाराव्या वर्षी गेली. आजारात ती कागदाचे बगळे घडवीत असे. हे स्मारक १९५८ साली उभे राहिले. जगभरातून आलेले बगळे तिथे काचेच्या कपाटांत टांगून ठेवतात. सौ.च्या पिशवीत दोन दिवसांचे एकशे सत्तावीस होते, पहिल्या कावळ्यासकट. ते ठेवायला तिला बराच वेळ लागला. मी घाई केली नाही.

आता पास कोणी घ्यावा? असे लोक आहेत, आणि त्यांना मी नावे ठेवणार नाही. तरुण जोडपे आहे, पाय धड आहेत, सात दिवसांत उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत देश पालथा घालायचा आहे, त्यांनी खुशाल घ्यावा. तोक्योहून थेट फुकुओकाला जाऊन-येऊनच ४७,००० च्या आसपास होतात. त्यात आणखी एक लांबची खेप घातली की पास फायद्यात आला. लांब पल्ल्याच्या तीन-चार खेपा आठवड्यात पक्क्या असतील तरच त्याचा विचार करावा, अशी माझी मोजणी आहे. ज्यांना एकाच भागात हिंडायचे आहे त्यांना प्रांतापुरते छोटे पास आहेत. ओसाका-क्योतो-नारापासून हिरोशिमापर्यंतचा पाच दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ पासून १७,००० येनांना होता, आणि त्यात शिन-ओसाका ते हिरोशिमा नोझोमीलाही मनाई नव्हती. विमानाने थेट ओसाकाला उतरणाऱ्याने आधी त्याची चौकशी करावी.

युरोपचे गणित निराळे. तिथला युरेल पास १९५९ सालचा, बराच जुना. पण फ्रान्स, स्पेन, इटली इथल्या वेगवान गाड्यांत पास असूनही राखीव जागेचे पैसे वेगळे मोजावे लागतात. स्वित्झर्लंडमध्ये आगगाडी, टपालखात्याच्या पिवळ्या बसगाड्या, सरोवरांतल्या बोटी, शहरांतल्या ट्राम असे सारे एकाच पासात येते. तिथला पास खरोखर आपल्या लोकलच्या पासाच्या जवळचा. शिवाय तिथे अर्ध्या भाड्याचे कार्डही मिळते. ते घेऊन सुटी तिकिटे काढणे अनेकदा पासाहून स्वस्त पडते. म्हणजे तिथेही कागद-पेन्सिल आलीच.

रविवारी हिरोशिमाहून चार तासांत तोक्यो. तिथल्या फाटकाच्या यंत्रात तिकीट घातले की प्रवास संपल्यावर ते गिळून टाकते. परत देत नाही. मुलीने आधीच बजावले होते, की तिकीट आठवणीसाठी ठेवायचे असेल तर यंत्राकडे न जाता बाजूला बसलेल्या माणसाला सांगायचे. मी तसे केले. त्याने दोन्ही हातांनी तिकिटे घेतली, ‘बाद’ असा शिक्का मारला, पुन्हा दोन्ही हातांनी परत दिली आणि वाकून नमस्कार केला. चौतीस वर्षांत माझ्या पासाला इतक्या आदराने कोणी हात लावला नव्हता.

डोंबिवलीला परतल्यावर स्नेह्यांचा फोन आला. पहिलाच प्रश्न, “काय, पास वसूल झाला का हो?”

“काढलाच नाही,” मी म्हटले.

“अरेरे! मग फिरलात तरी किती?”